समोरच्याची बाजू
बाबा आणि आत्या, दोघंही गणिताचे प्राध्यापक, एकाच मुद्द्यावरून जन्मभर भांडले. बाबा म्हणायचे, "नैसर्गिक संख्या संपतच नाहीत, पुढची असतेच. मग त्यांचा संच पुरा झालाच कसा?" आत्या म्हणायची, "संच पुराच आहे, दादा. अपुरं ते तुझं मोजणं!" त्यांचा नियम मात्र भारी होता: खडू ज्याच्या हातात, त्यानं समोरच्याची बाजू मांडायची. दोघं ती अशी मांडत, की मी थक्क व्हायचे. काल बाबांच्या आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकले. आज आत्या दवाखान्यात आली. बाबांनी उशीखालचा खडू काढला आणि धापा टाकत तिची बाजू मांडली, "पुरा आहे संच. काही राहिलेलं नाही." मग खडू तिच्या तळहातावर ठेवला. आत्यानं मूठ आवळली. "छट्! पुढची असतेच, दादा." बाबा हसले. "माझी बाजू मला इतकी छान कधीच जमली नव्हती."