सपाट कुरणातला प्रतिध्वनी

नॉर्वेच्या फियॉर्डकाठी त्यांचा कुत्रा तांबू भुंकला, की समोरच्या कड्यावरून प्रतिध्वनी यायचा. उत्तरा आणि धवल हसायचे.

सुट्टी संपवून घरी, आइंडहोवनला परतताना दुपारी त्यांनी मोटरहोम ग्रोनिंगनजवळ थांबवली. चहूकडे सपाट कुरणं होती. तांबू भुंकला. प्रतिध्वनी आला.

"धवल, इथे कडा कुठाय?"

तांबू पुन्हा भुंकला. या वेळी प्रतिध्वनी जवळून आला. धवलनं तांबूला आत ओढून घाईघाईनं दार लावलं.

आता तांबूच्या उघड्या तोंडातून आवाजच फुटेना. त्याचं भुंकणं दाराबाहेरून येत होतं. धवलनं खिडकीतून पाहिलं. बाहेर कुणीच नव्हतं.

उत्तरानं तांबूला छातीशी धरलं. "तांबू, बाळा, मी आहे ना!"

कुशीतल्या कुत्र्यानं तिच्याकडे परक्यासारखं पाहिलं. बाहेर मात्र कुणीतरी लाडानं कुईकुई करत दारावर नखं घासू लागलं.