किंचित बाक

विहिरीवरच्या पंपाशेजारी ठेवलेलं डिझेलचं पिंप कृष्णनाथांच्या हातून कलंडलं, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून डिझेल मातीतून विहिरीत पाझरत होतं आणि त्यांची बायको विनोदिनी शेजारून पाणी आणत होती. तिने कधी बोल लावला नाही, तरी ते विहिरीकडे फिरकत नसत. आज त्यांची मुलगी गौरवी विद्यापीठातून कोरगावला घरी आली ती एक बाटली घेऊनच. विहिरीतून काढलेल्या बादलीतल्या तवंगावर तिने बाटलीतलं द्रावण शिंपडलं. थोड्या वेळाने तवंग जेलीसारखा घट्ट झाला. कृष्णनाथांनी तो हातानेच उचलून बाजूला काढला. "ह्यां कसां झालां गो?" "बाबा, आधी मी बनवलेले रेणू अगदी सरळ होते. ते एकमेकांना इतके चिकटायचे की दाणे होऊन तळाला बसायचे. त्यांना किंचित बाक दिला, तशी आपोआप जाळी विणली गेली. डिझेल तिच्यात अडकतं." "मग पिवक चलात ह्यां पाणी?" "इतक्यात नाही, तपासायला हवं. पण विहीर साफ होईल." कृष्णनाथांनी बादली तिरकी करून पाणी निरखलं. "तू तर औषधांवर संशोधन करतलंस ना?" "ते सोडलं. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला की तुम्ही मान खाली घालायचात. बघवेना मला." कृष्णनाथांनी डिझेलने माखलेला हात तसाच तिच्या डोक्यावर ठेवला. तिने डोकं हलवलं नाही.