अंदमानचा बेत

"अंदमान यंदाही राहू दे," कुंदा नवऱ्याला म्हणाली. समोर लॅपटॉपवर निळाशार किनारा उघडा होता. नणंद आठवडाभर येऊन राहायला तयार होती, पण अर्ध्या अंगावरून वारं गेलेल्या सासूला दुसऱ्याच्या हाती सोपवणं कुंदाच्या जिवावर आलं होतं. तिच्या शाळेच्या वेळेपुरत्या दुपारी एक बाई यायच्या, बाकी माईंना उठवण्यापासून चहा पाजण्यापर्यंत सगळं तीच करायची.

"अगं, ताई करेल ना," विद्याधर म्हणाला.

"वन्संना एकटीला झेपायचं नाही हो."

तेवढ्यात मागे काठीचा आवाज आला. माई दारात उभ्या होत्या, घामाने डबडबलेल्या. कुंदा धावली, पण त्यांनी मानेनेच नको म्हटलं. एकेक पाऊल रेटत त्या स्वयंपाकघरात पोचल्या, ओट्याला टेकल्या आणि डाव्या हाताने गॅस पेटवून त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

"तू शाळेत शिकवायला गेलीस की दुपारच्या बाई मला चालवायच्या," जड जिभेने त्या म्हणाल्या. "तुला सांगितलं नाही. तू लगेच धरायला आली असतीस."

हात मागे बांधून कुंदा नुसती बघत राहिली. कपात ओतताना चहा सांडला, तो माईंनीच फडक्याने पुसला.

"आता तिकिटं काढा," त्या म्हणाल्या. "आणि कुंदा, काठावर बसून राहू नकोस. चांगली गळ्यापर्यंत पाण्यात जा."