धंद्याची हत्यारं

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी न्यायालयाच्या कारकुनाने किल्लीवाल्याच्या कागदांवर शिक्का मारला आणि तो रीतसर दिवाळखोर झाला.

"सुटलात," वकीलबाई म्हणाल्या.

"सुटलो कसला! आठ महिने पिळून काढलंत सगळ्यांनी."

पण कागद त्याने नीट घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि जिना उतरताना खिसा दोनदा चाचपला.

आठ महिन्यांपूर्वी याच वकीलबाईंच्या टेबलावर त्याने अशी मूठ आपटली होती की पाण्याचा ग्लास लवंडला. किल्ल्या कापायचं संगणकावर चालणारं यंत्र त्याने कर्जावर घेतलं होतं. दोन वर्षांत लोक बोटाच्या ठशाने उघडणारी कुलपं बसवू लागले आणि यंत्र धूळ खात पडलं. त्याचे हप्ते भरायला दुसरं कर्ज काढलं, दुसऱ्याचे भरायला तिसरं.

वकीलबाईंनी ग्लास सरळ केला आणि तीन वाटा सांगितल्या. सगळी कर्जं एकत्र करून हप्ते बारा वर्षांवर लांबवायचे. किंवा यंत्रापासून कानशीपर्यंत सगळं विकून बँकेशी निम्म्यावर तडजोड करायची. नाहीतर दिवाळखोरीचा अर्ज.

"बारा वर्षं? माझी साठी उलटेल तोवर. आणि हत्यारं विकून खाऊ काय, कुलपं?"

"दिवाळखोरीत यंत्र जाईल. पोटापाण्याची हातातली हत्यारं जात नाहीत."

"मग विचार कसला? लिहा."

त्यांनी अर्ज पुढे ओढला. घर? भाड्याचं. सोनं? होतं. जामीनदार?

"कोणी नाही. यंत्राच्या कर्जावर ताईची सही आहे, पण ती साक्षीदार म्हणून."

"मूळ कागद आणून दाखवा एकदा. तुम्ही सुटलात तरी जामीनदार सुटत नाही."

"आणतो," तो म्हणाला. कागद दुकानाच्या माळ्यावर कुठल्याशा खोक्यात होते. ते आणायचे राहून गेले.

अर्जावर सही करायच्या आदल्या संध्याकाळी ताई दुकानात आली. स्टुलावर बसली. भिंतीवरच्या किल्ल्या बघू लागली.

"तू दिलेलं कुलूप अजून लोण्यासारखं चालतं हं," ती म्हणाली. "तुझे दाजी मात्र अजून रोज चुकतात. चोर आला तर दारातच म्हातारा होईल."

ताई डावखुरी. तिने घर घेतलं तेव्हा तिच्या हाताला सोपं जावं म्हणून त्याने पितळेचं, उलट्या बाजूने उघडणारं कुलूप घडवलं होतं. तसं त्याने आधी कधी केलं नव्हतं, नंतरही नाही.

तो हसला नाही. "कामाचं बोल, ताई."

तिने पर्समधून एक लांब, छापील पत्त्याचं पाकीट काढलं आणि मांडीवर ठेवलं. "अर्ज करू नकोस. हप्ते लांबवून घे. थोडे मी भरत जाईन."

"का? सासरच्यांपुढे तुझी मान खाली जाईल म्हणून?"

"तसं नाही रे. आधी ऐकून तर घे."

"काय ऐकू? रोज सकाळी बँकेचा माणूस फोनवर माझी आई-बहीण काढतो, ते ऐकतोय ना मी! तुझं काय जातंय गं सल्ले द्यायला? सांग ना, तुझं काय जातंय?"

ताईने पाकिटाकडे पाहिलं. बोलायला तोंड उघडलं.

"आणि ते पैसे ठेव आत," तो ओरडला. "भीक नकोय मला. पुन्हा या दुकानाची पायरी चढू नकोस."

समोरच्या दुकानातला शिंपी मशीन थांबवून बघू लागला. ताईने पाकीट परत पर्समध्ये घातलं, चेन ओढली आणि गेली. त्यानंतर दोघांत एक शब्द नाही.

त्या आठ महिन्यांत त्याला जगवलं ते जप्तीच्या कामाने. कर्ज थकलेल्यांची घरं बँकांसाठी ताब्यात घेणारी एक कंपनी होती. त्या कंपनीला तो दारं उघडून द्यायचा. कंपनीची पद्धत ठरलेली. आदल्या दिवशी त्यांचा माणूस दार बघून येतो आणि कुलपांची माहिती चिठ्ठीवर लिहून देतो. पत्ता कधीच देत नाही. कारण एकदा दुसऱ्या एका किल्लीवाल्याने ओळखीच्या घरमालकाला आधीच सावध केलं होतं. किल्लीवाल्याने लागतील ती हत्यारं काढून ठेवायची, सकाळी गाडी आली की बसायचं. घरातल्यांशी बोलायचं नाही.

न बोलताही त्याचा संताप व्हायचा. बायका दाराशी रडत, म्हातारे खुर्ची सोडत नसत. "सह्या ठोकताना डोळे फुटले होते का यांचे?" तो परतताना गाडीत म्हणायचा. ड्रायव्हर हो म्हणायचा.

मंगळवारी दुपारी दुकान उघडल्यावर त्याने खिशातला कागद काढून गल्ल्याच्या काचेखाली ठेवला. फोन घेतला, ताईचं नाव काढलं आणि पडद्याकडे बघत राहिला. मग फोन पालथा ठेवला.

"तिनेच करावा," तो मोठ्याने म्हणाला. "मोठी आहे ना."

चार वाजता कंपनीचा माणूस चिठ्ठी टाकून गेला. किल्लीवाल्याने हत्यारांची पिशवी गल्ल्यावर उघडली, आतल्या बारीक पट्ट्या एकेक पुसून ओळीने मांडल्या आणि मग चिठ्ठी उलगडली. वर नेहमीचं छापील होतं: वेळ सकाळी नऊ, घरातल्या माणसांशी बोलू नये. खाली पेनाने लिहिलं होतं.

लाकडी दार. कुलपं दोन. खालचं साधं. वरचं पितळी, उलट्या बाजूने उघडतं.