डिंकाचे थेंब

दोन दिवसांसाठी म्हणून आलेले भाऊजी वर्षभर आमच्या सोफ्यावर ठाण मांडून बसलेत. नवरा म्हणतो, "सख्खा भाऊ आहे, त्याला जा कसं म्हणू?"

मधमाश्या झाडांवरून गोळा करतात, त्या डिंकानं विषाणू मरतात का, हे मी लॅबमध्ये तपासते. त्यावरून रोज टोमणे. "काय वहिनी, माश्यांच्या थुंकीनं साथ पळवणार?"

परवा त्यांनाच तापानं गाठलं, घसा धरला आणि सगळा तोरा उतरला. "तुमचा तो डिंक द्या की!" मी सांगितलं, बशीतल्या पेशींवर गुण दिसलाय, माणसांवर अजून नाही. ऐकतात कसले! शेवटी दुकानातून त्याच डिंकाच्या थेंबांची बाटली आणली.

मी ड्रॉपर भरत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "पण माश्यांना हा कशाला लागतो हो?"

"मधपेटीत उंदीर घुसला, की त्या डंख मारून त्याला संपवतात. पण ते धूड काही त्यांना बाहेर ओढता येत नाही. मग घरात सडून वास मारायला नको, म्हणून त्याला या डिंकानं लिंपून टाकतात."



"हं, आ करा, भाऊजी."