भोपळ्याला पहिली सुरी

परळच्या अठराव्या मजल्यावर मधमाशी फिरकत नाही, म्हणून मेघनाने स्वतः नर फूल मादी फुलावर घासून वेलाला भोपळा धरवला. नवऱ्याचं, जयवंतचं, आपलं एकच पालुपद, "डास झालेत, काढ तो वेल!"

आज तिने भोपळा उतरवून सुरी उचलली, तोच सासूबाई ओरडल्या, "थांब गो! भोपळ्याला पहिली सुरी बाईने लावायची नसते. जयवंत येऊ दे."

मेघनाचं टाळकं सटकलं. "मामंजी गेले तेव्हा जयवंत पाळण्यात होता ना? मग तेव्हा कोण कापायचं?"

सासूबाई भोपळ्यावरून हात फिरवत राहिल्या. "तो सुरी धरण्याजोगा होईपर्यंत मी घारगे खाल्लेच नाहीत."

बेल वाजली.

"थांब रे जरा!" मेघना दाराकडे ओरडली आणि तिने सुरी सासूबाईंच्या हातात दिली.