दोनच रकाने

समुद्रात तेल सांडून महिना उलटला, तेव्हा कुठे तेल कंपनीचे साहेब आमच्या मत्स्यबीज केंद्रात उगवले. त्याच पाण्यातून आणलेल्या माशांच्या अंड्यांतून कालच पिल्लं निघालेली. मी थोडी पांढऱ्या वाटीत घेऊन पिसानं हळूच डिवचली. पीस लागताच धडधाकट पिल्लू तीरासारखं सुटतं, वीस वर्षं बघतेय. ही जागच्या जागी गरगरली. भिंगाखाली दाखवलं: पाठ वाकडी, हृदय सुजलेलं, जबड्याचा पत्ताच नाही. “हलतायत ना?” म्हणत साहेबांनी नुकसान-पाहणीच्या फॉर्मच्या ‘जिवंत’ रकान्यात खूण केली. “अहो, पोटाला चिकटलेल्या बलकावर तगलीत ती! तो परवा संपेल, मग खाणार कशानं?” “बाई, फॉर्मवर रकाने दोनच, जिवंत आणि मेलेले. करा सही.” मी पेन बाजूला सारलं. वाटी त्यांच्या फॉर्मवर ठेवली, दाराला आतून कडी घातली. “बसा साहेब. परवा यांना भूक लागेल.”